पुकारा झाला की पोटात गोळा

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोर्टात दिवसभर तावातावाने वादविवाद चालतो. कसला वादविवाद! इथे दिवसभर वाट बघणं चालतं. केस बोर्डावर लागलेली असते, पण नंबर कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दारात शिपाई उभा राहून पक्षकारांची नावं ओरडतो, त्याला आम्ही पुकारा म्हणतो. तो होईपर्यंत काळे कोट घालून बाकावर बसून राहायचं. आता बसलेली वकील मंडळी गप्प राहणार आहेत का? एक जण किस्सा सांगतो, दुसरा त्याच्यावर कडी करतो, आणि बघता बघता साठा होतो.

आमच्या ऑफिसचाही असा बराच साठा झालाय. परवा बाकावर बसून मनातल्या मनात उजळणी करत होते, तर लक्षात आलं की आपले निम्मे किस्से भीतीचे आहेत. तोंडाने कुणी 'भीती' म्हणत नाही हां! कुणाची तब्येत नरम असते, कुणाची फाईल अपुरी असते, कुणाच्या गाडीचं टायर नेमकं युक्तिवादाच्या दिवशी पंक्चर होतं. पण पुकारा झाला की पोटात गोळा सगळ्यांच्याच येतो.

मोबाईलवर रोज सकाळी कुणीतरी सूर्योदयाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'भीतीच्या पलीकडे यश उभं आहे.' असेल बाई! आमच्या इथे भीतीच्या पलीकडे जज्जसाहेब बसलेले असतात.

आमचं ऑफिस नगरला सावेडीत, एका मेडिकलच्या वर. शेळके सर मालक. दिवाणी दाव्यांत त्यांचं नाव आहे. रज्जाकभाई क्लार्क, फाईली, तारखा, चहा आणि टोमणे ही चारही खाती त्यांच्याकडे. मग मी, वैशाली. आणि रोहिणी, आमची सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हुशार ज्युनिअर. खरं तर हे सगळं तिच्याचमुळे आठवतंय, पण आधी स्वतःची फजिती सांगते. दुसऱ्याची सांगायला मग तोंड राहतं.

*

मी वकिलीची सनद घेतली तेव्हा माझी मुलगी दहावीत होती. केसांत पांढरे आलेले, आणि कोर्टात पहिलाच दिवस! गाऊन घालायची लाज वाटत होती म्हणून तो पिशवीत ठेवला होता. दारातून आत गेले तर शिपाई म्हणाला, "मावशी, पार्टीने मागच्या बाकावर बसायचं."

आता मी म्हणायला हवं होतं की अहो, मी वकील आहे. मी काय केलं? मागच्या बाकावर जाऊन बसले! शेजारी एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "तुमचं काय, भावकीचं?" मी म्हटलं, "हो."

दुपारी सरांनी विचारलं, "आपल्या मॅटरला कोण उभं होतं?"

"मी होते सर."

"शिपाई तर म्हणतो, वकील कुणीच नव्हतं."

"मी बसलेली होते सर. पार्टीत."

सर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, उद्यापासून घरूनच गाऊन घालून निघा." आणि खरंच, पुढचे काही दिवस मी सावेडीपासून कोर्टापर्यंत स्कूटरवर गाऊन घालून गेले. सिग्नलला लोक वळून बघायचे. पण पुन्हा मला कुणी मागे बसवलं नाही.

*

नव्या ज्युनिअरला पहिलं काम मिळतं ते पुढची तारीख मागायचं. "साहेब, मुदत मिळावी" एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. पहिलं वर्षभर मी दुसरं काही बोललेच नाही. घरी नवऱ्याने भाजी काय करायची विचारलं तरी तोंडात मुदत यायची.

एकदा असं झालं, की आमच्या विरुद्ध पार्टीचा एक अर्ज होता आणि त्यांचा वकीलच आला नाही. पार्टीही नाही. जज्जसाहेबांनी दोनदा पुकारा करायला लावला. मग पेन उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "समोरचे कुणी हजर नाही. अर्ज नामंजूर करायचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

मी उठले. "साहेब, मुदत मिळावी."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही जिंकताय!"

"हो साहेब. तरी मुदत मिळावी."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी अर्ज नामंजूर केला आणि मी जिंकले. रज्जाकभाई आजही माझी ओळख करून देताना सांगतात, "ह्या वैशाली मॅडम. जिंकायला टाइम मागतात."

हसण्यावारी नेतो आपण. पण नंतर मला वाटलं, हे फक्त कोर्टातच होत नाही. चांगलं काही समोरून चालत आलं की आपण आधी म्हणतो, आत्ता नको. मला बढती नको, मला पुढे बसवू नका, अजून माझी तयारी नाही. मीच घरी दहा वर्षं असंच म्हणत होते.

*

रोहिणी मिरजगावची. वडिलांचं हायवेला हार्डवेअरचं दुकान. पोरगी ऑफिसला आली तेव्हा इतकं हळू बोलायची की रज्जाकभाई तिच्याकडे कान करून उभे राहायचे. पण फाईल वाचावी तिनेच! सातबारा, फेरफार, जुने नकाशे, सगळं उलगडून ठेवायची. साक्षीदाराला काय विचारायचं ते प्रश्न ती लिहून काढायची आणि सर ते कोर्टात विचारायचे. दिवाणी दाव्यात खरी कसोटी या उलटतपासातच लागते. समोरचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, आणि त्याच्याच तोंडून आपल्या उपयोगाचं काढायचं असतं. सरांच्या उलटतपासाची वाहवा व्हायची, आणि रोहिणी मागे उभी राहून फाईल छातीशी धरून खूश व्हायची.

एकदा सर दुसऱ्या कोर्टात अडकले. रोहिणीने फक्त उठून सांगायचं होतं की शेळके सर येत आहेत. पुकारा झाला. ती उठली. तोंडातून शब्द नाही. जज्जसाहेब बिचारे भले माणूस, त्यांना वाटलं पोरीला जरा सोपं करू. म्हणाले, "घाबरू नका. आपलं नाव काय?"

"शेळके सर," रोहिणी म्हणाली.

त्या दिवसापासून वकिलांच्या बाररूममधली टवाळ मंडळी तिला 'शेळके सर' म्हणायला लागली. समोरून आली की उठून नमस्कार करायचे! ती हसायची. पण त्यानंतर पुकाऱ्याच्या वेळी ती जी वॉशरूमकडे जायची, ती केस पुढे सरकल्यावरच परत यायची.

मी एकदा विचारलं, "अगं, तुला येतं सगळं. मग अडतं कुठे?"

म्हणाली, "ताई, कॉलेजात एकदा स्टेजवर बोलायला उभी राहिले आणि तोंडातून 'आमी' आणि 'न्हाई' गेलं. हॉल हसला. तेव्हापासून डोक्यात वाक्य शुद्ध असतं, पण तोंडातून निघेपर्यंत ते मिरजगावला जाऊन येतं!"

आम्ही दोघी हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

*

तिचे वडील एकदा कोर्टात आले. तिला ते नाना. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि हातात ऑफिससाठी सीताफळांची पिशवी. लेक वकील झाल्यापासून तिला कोर्टात बोलताना बघायचं त्यांच्या मनात होतं. ते मागच्या बाकावर बसले, मी शेजारी.

त्या दिवशी सरांनी एका साक्षीदाराला असा गुंडाळला की काय सांगू. रोहिणी मागून एकेक चिठ्ठी सरकवत होती आणि सर ती बघून प्रश्न टाकत होते. साक्षीदाराला घाम फुटला. नाना मान हलवत बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी रज्जाकभाईंना विचारलं, "हे समदं सरांनीच इचारलं का?"

रज्जाकभाई म्हणाले, "विचारलं सरांनी. लिहिलं तुमच्या लेकीनं."

नाना म्हणाले, "मग तिला घसा न्हाई का?"

चहा पिताना नाना म्हणाले, "रोहिणी, आपल्या गावातल्या पतसंस्थेत कागदपत्रं बघायला वकील पायजे. दसऱ्यानंतर ये म्हनत्यात. बसून काम हाय. कुनाफुडं बोलायचं न्हाई." त्यांनी ते काही रागाने म्हटलं नाही. पोरीचा जीव तिथे रोज कसा मुठीत असतो ते त्यांनी एका दिवसात ओळखलं होतं आणि त्यावर उपाय आणला होता.

रोहिणीने लगेच मान हलवली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिचा राग आला. खरंच राग आला! पतसंस्थेचं काम वाईट आहे असं नाही. पण ही पोरगी कामाकडे चालली नव्हती, पुकाऱ्यापासून लांब चालली होती, आणि ते तिला माहीत होतं. मी रागाने तिच्या वाटणीचं सीताफळही खाऊन टाकलं.

*

रोहिणी जाणार म्हटल्यावर सरांनी तिला एक गुपित दाखवलं. म्हणजे त्यांनी दाखवलं नाही, ते उघडकीला आलं.

सरांचा एका मोठ्या दाव्यात युक्तिवाद होता. वेळ होत आली तरी सरांचा पत्ता नाही. मी आणि रोहिणी शोधायला निघालो. आवारात लिंबाखाली सरांची गाडी उभी. काचा वर. आत सर एकटेच, हातवारे करून ओरडत होते. काचेजवळ एक पोलीस हवालदार वाकून बघत होता. त्याने काचेवर टकटक केली.

सरांनी काच खाली केली. हवालदार म्हणाला, "साहेब, घरचं काही टेन्शन आहे का? फोनवर इतकं चिडू नका, बीपी वाढतं."

"फोन नाही हो. युक्तिवाद करतोय."

"कोणापुढे?"

सरांनी स्टीअरिंगकडे बोट दाखवलं.

हवालदार सलाम ठोकून निघून गेला. मग सरांना आम्ही दिसलो. लपवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "मी प्रत्येक युक्तिवाद आधी गाडीत करतो. सकाळपासून अन्न जात नाही. आज दोनदा वॉशरूमला जाऊन आलोय. हे पहिल्या दिवसापासून असंच आहे."

मला वाटलं, आता रोहिणीला धीर येईल. एवढे मोठे सर घाबरतात म्हटल्यावर आपलं काय! पण तिचा चेहरा पडला. "म्हणजे सर, हे कधीच जात नाही?"

"जात नाही. ओळखीचं होतं फक्त," सर म्हणाले, आणि गळ्यातला पांढरा बँड सारखा करत कोर्टाकडे चालायला लागले.

*

मग रज्जाकभाईंनी मनावर घेतलं. रोहिणीला म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिस करा. मी साक्षीदार होतो."

संध्याकाळी ऑफिसमध्ये टेबल सरकवून जागा केली. मी जज्ज. रज्जाकभाई लोखंडी खुर्चीच्या मागे उभे राहिले, तोच पिंजरा. त्यांनी भाऊबंदाची जमीन हडपलेल्या माणसाचं काम करायचं होतं. रोहिणी प्रश्न विचारायला लागली आणि काय सांगू, पोरगी अशी सुटली! आवाज खणखणीत, प्रश्नाला प्रश्न लागून. रज्जाकभाईंना पहिल्यांदा मजा वाटली, मग ते अडखळायला लागले, मग खरोखरच घाम पुसायला लागले. शेवटी हात जोडून म्हणाले, "बस करा! जमीन परत घ्या. माझ्या नावावर काही ठेवू नका!"

खालचा मेडिकलवाला आवाज ऐकून जिना चढून वर आला होता. तो घाबरून म्हणाला, "काय झालं? भाईंनी कुणाची जमीन घेतली?"

रज्जाकभाई खुर्चीत कोसळले. "मॅडम, एवढं येतं, मग कोर्टात का नाही?"

"तुमची भीती वाटत नाही ना भाई."

"मग सरांना सांगा, प्रत्येक केसमध्ये मलाच साक्षीदार करा!"

*

याच सुमाराला माझ्या नवऱ्याने दोन पास आणले. सावेडीतल्या एका हॉलमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान होतं, विषय 'न घाबरता बोला'. मी रोहिणीला ओढत घेऊन गेले.

वक्ते सूटबूट घालून आले. सगळ्यांना उभं केलं, मुठी आवळायला लावल्या, "मी करू शकतो!" असं तीनदा ओरडायला लावलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंचं बाळ दचकून रडायला लागलं. मग वक्ते म्हणाले, "भीती ही फक्त मनात असते," आणि लाईट गेली.

माईक बंद. हॉल लहानच होता, खिडक्यांतून उजेडही होता. लोक म्हणाले, "बोला साहेब, ऐकू येतंय." वक्ते माईककडे बघत राहिले. कुणीतरी पुन्हा म्हणालं, "तसंच बोला की!" ते म्हणाले, "माईकशिवाय मला जमत नाही. जरा थांबू या." आणि खुर्चीत बसून पाणी प्यायले. लाईट येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

रोहिणी माझ्या कानाशी लागली. "ताई, मुदत मागितली त्यांनी!"

परत येताना स्कूटरवर ती मागे बसून इतकी हसत होती की मला हँडल सांभाळता येईना. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "ताई, ते पण घाबरले ना? मला त्यांचं वाईट वाटलं."

*

आता तो नवरात्रातला दिवस. रोहिणीचा ऑफिसातला शेवटचा आठवडा चालू होता. टेबलाचा खण तिने रिकामा केला होता आणि आपली रोपाची कुंडी मला देऊन टाकली होती.

सखूबाईंची केस होती. नगर तालुक्यातल्या एका गावच्या विधवा बाई. त्यांच्या वस्तीवर जायच्या गाडीरस्त्यावर शेजाऱ्याने फाटक लावून कुलूप ठोकलं होतं. मर्जीतल्या लोकांना उघडायचा, सखूबाईंना नाही. कोर्टात मात्र तो सांगत होता की इथे कधी रस्ता नव्हताच, नुसतं आमचं रान आहे. तेच सांगायला त्याने बबनराव नावाचा गावातला एक जण साक्षीला आणला होता. बबनराव शपथेवर सांगून मोकळे झाले, "तिथं रस्ता कधीच नव्हता." आता उलटतपास आमचा.

सर सेशन्स कोर्टात अडकलेले. पुकारा झाला. मी रोहिणीकडे बघितलं. वॉशरूमच्या दिशेला सखूबाई उभ्या होत्या, त्यामुळे तिला जाताच आलं नाही असं मी नंतर गमतीने सांगते. पण खरं तसं नव्हतं. जज्जसाहेबांनी स्वतःहून विचारलं, "शेळके सर नाहीत? मग मॅटर मागे ठेवू. दुपारनंतर घेऊ."

पोरगी दोन वर्षं देवाकडे जे मागत होती ते समोर ताटात वाढून आलं होतं. नुसतं "हो साहेब" म्हणायचं होतं.

रोहिणी म्हणाली, "नको साहेब. मी घेते."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. समोरचे वकील, भारदस्त, मिशीवाले, खुर्चीत आरामात मागे टेकले. त्यांनाही 'शेळके सर' प्रकरण माहीत होतं.

ती उभी राहिली. हातात कागदांचा गठ्ठा. तिने सरांसाठी काढलेले प्रश्न होते ते, पानंच्या पानं, गट नंबर आणि नकाशे. साहेब म्हणाले, "विचारा." ती कागद उलटत राहिली. पुन्हा म्हणाले, "विचारा, मॅडम." मी डोळे मिटून घेतले.

कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, "बबनराव, तुमच्या म्हशी किती?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. समोरच्या वकिलांनीही मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. बबनराव मात्र खुलले. सकाळपासून त्यांना कुणी त्यांच्या आवडीचं विचारलंच नव्हतं.

"सात हायेत. दोन मुऱ्हा."

"दूध डेअरीला तुमी नेऊन घालता?"

'तुमी' म्हणाली ती. ऐन कोर्टात. तिला ते कळलं की नाही कोण जाणे. कुणीही हसलं नाही.

"मी कशाला जाऊ?" बबनराव पिंजऱ्यात ताठ झाले. "टेम्पो दारात येतो माझ्या. दोन टायमाला!"

"कुठनं येतो?"

"कुटनं म्हंजे? फाटकातनं! बापाच्या वेळंला बैलगाडी यायची, आता टेम्पो येतो. दुसरीकडनं यायला जागा हाय का?"

समोरचे वकील उठायला गेले, पण साहेबांनी टायपिस्टला सांगायला सुरुवात केली होती. शब्दन् शब्द टाईप झाला. तेवढ्यात सर धापा टाकत दारात आले, एका खांद्यावर गाऊन. त्यांनी काय बघितलं? रोहिणीच्या पुढ्यात न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग, आणि साहेब तिला विचारतायत, "पुढे?"

"एवढंच, साहेब."

"नक्की?"

"नक्की, साहेब." आणि ती खाली बसली.

सरांनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं, पोरगी भिऊन बसली. सखूबाई मागून माझा पदर ओढत होत्या, "ताई, त्यांना म्हनावं अजून इचारा की! गप का बसल्या?" मलाही उठून सांगावंसं वाटलं, की अगं, विचार अजून. पण तिथे बापाच्या वेळेपासून रस्ता आहे हे बबनराव बोलून बसले होते, आणि एक जरी प्रश्न जास्त गेला असता, तर ते सावध होऊन म्हणाले असते, की मालक मेहरबानीने टेम्पो सोडतो. आणि सगळं मुसळ केरात! सगळ्या कोर्टाला आपण घाबरलो असं वाटतंय हे माहीत असताना ती गप्प बसून राहिली. मला ते जमलं नसतं.

बाहेर व्हरांड्यात आलो. ती खांबाला टेकून उभी राहिली. सरांनी माझ्याकडून सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं. मग तिला विचारलं, "साहेब मॅटर मागे ठेवत होते, मग नको का म्हणालीस?"

"मला न्हाई माहीत सर," ती म्हणाली.

सर काही बोलणार तेवढ्यात समोरून बबनराव आले. त्यांच्या वकिलांनी बाहेर येऊन त्यांना चांगलंच झापलेलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता हा माणूस भांडणार. मी पुढे झाले.

बबनरावांनी टोपी सारखी केली. "माजी बी एक केस हाय, भावकीची. लई दिवस पडून हाय."

सरांचा हात सवयीने खिशात गेला. त्यांनी कार्ड काढून पुढे केलं. "ही केस संपल्याशिवाय आम्हाला तुमच्याशी त्याबद्दल बोलता येणार नाही. नंतर ऑफिसला या."

बबनरावांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि सरांना परत दिलं. "तुमी न्हाई वो सायेब. ह्या ताई."

सर कार्ड हातात धरून तसेच उभे. बबनराव रोहिणीकडे वळले. "येतो की नंतर, मला घाई न्हाई. पन तवा तुमी हितंच असता ना?"

रोहिणीने त्यांच्याकडे बघितलं. मग सरांकडे, मग माझ्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "हितंच असते मी."